कोंबड्यांच्या वाट्याचा अंधार

खाद्याची पोती चोरीला गेली आणि चोर सापडेना, तेव्हा पोल्ट्रीच्या व्यवस्थापनाने शिक्षेसाठी हाताशी होते ते निवडले: रखवालदाराची खोली. तिच्या खिडकीसमोरच्या खांबावर असा प्रखर दिवा बसला, की भिंतीवरच्या डासाचे पायसुद्धा मोजता यावेत. रखवालदाराने पडदा लावला, पुठ्ठे ठोकले. उजेड पत्र्याच्या फटींतून यायचा तो आलाच. त्याच्या आईला एकवीस रात्री झोप लागली नाही. बाविसाव्या दिवशी तिने पेटत्या शेगडीवर रिकामे पातेले ठेवले आणि पोटच्या मुलाला विचारले, "आपण कोणाकडे आलात?"

पक्ष्यांचे डॉक्टर विद्वान गृहस्थ होते. दिव्याचे तोंड फिरवण्याची विनंती त्यांनी शांतपणे ऐकून घेतली.

"तोंड फिरवलं तर उजेड शेडवर पडेल. कोंबडीला सलग आठ तास काळोख मिळाला नाही, तर ती शेजारणीची पिसं उपटते. शास्त्र आहे हे."

"आणि माणूस, साहेब?"

"माणूस अंडी घालतो का रे?"

स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले. रखवालदारही हसला; पगारात तेही धरलेले होते.

त्याच रात्री आठला शेडमधले दिवे आपोआप मालवले, तसे त्याने आईला हाताला धरून आत नेले. पिंजऱ्यांच्या शेवटच्या रांगेमागे गोणपाट अंथरले. विष्ठेच्या वाफेने डोळे चुरचुरत होते, पण काळोख अस्सल होता.

"अगं बाई, रात्र इथं कोंडून ठेवलीय होय!" म्हातारी म्हणाली, आणि पाठ टेकताच तिचा डोळा लागला.

आठवड्याभरात ती मुलाला पुन्हा नावाने हाक मारू लागली. दहाव्या दिवशी खोकला सुरू झाला.

"आई, ती वाफ छातीत जातेय. आज खोलीतच नीज."

"छातीचं छाती बघून घेईल. डोकं गेलं तर तुला ओळखणार कोण, मेल्या?"

रोग हुडकण्याची डॉक्टरांची रीत साधी होती: दिवे गेल्यावर शेडमध्ये निश्चल उभे राहून ऐकायचे. हजारोंत एक पक्षी खोकला, तरी कळते. एका रात्री साडेआठला ते न सांगता आले. रखवालदार त्यांच्यामागे उभा राहिला. आई एकदा खोकली, की नोकरी जाणार आणि तिची झोपही. पंधरा मिनिटे गेली. कुठेतरी पंख फडफडला, बाकी काही नाही.

"शाबास! एकही खोकत नाही." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला फाटकापर्यंत नेले आणि गाढ झोपेचे महत्त्व समजावले. तो "होय साहेब, होय साहेब" म्हणत राहिला.

गाडी गेल्यावर तो धावत आत आला. "आई?" ओ आली नाही. बरे झाले, झोपली, असे त्याला वाटले. बॅटरी लावली तर जागी होईल, म्हणून तो तिच्या उशाशी अंधारातच बसून राहिला.

पहाटे चारला दिवे लागले. तिच्या तोंडात पदराचा बोळा घशापर्यंत कोंबलेला होता, आणि तो दाबून धरणारी मूठ अजून सुटलेली नव्हती.