लाय बाईंच्या खणातला शिक्का

गुरुवारी दुपारी मू-छिंग जान माझ्या दारात आली. अकरावीतली मुलगी. शिक्षण कार्यालयाच्या फाटकापाशी आठवडाभर धरणं धरून बसलेल्या पोरांची ती म्होरकी, एवढं मला वर्तमानपत्रातून ठाऊक होतं. मी आत ये म्हणालो. तिनं बूट काढले नाहीत. दारातूनच एक झेरॉक्स पुढे केली.

"को सर, हा शिक्का तुमचाच ना?"

इतिहास पुस्तक समितीच्या बैठकीचं इतिवृत्त होतं. 'बदल एकमताने मंजूर.' खाली अकरा लाल शिक्के, सातवा माझ्या नावाचा.

"माझाच. पण मी त्या दिवशी तिथं नव्हतो. दातांच्या डॉक्टरकडे होतो."

"मग शिक्का एकटाच गेला होता का?"

शिक्का लाय बाईंच्या खणात असतो, हे तिला सांगताना मला माझाच आवाज ऐकवेना. निवृत्तीनंतर समितीवर घेतलं तेव्हा कार्यालयातल्या लाय बाईंनी सगळ्यांकडून एकेक लाकडी शिक्का मागून ठेवला होता. म्हाताऱ्यांना दरवेळी उन्हातून हेलपाटा नको म्हणून. आमच्याकडे सहीच्या जागी नावाचा शिक्काच चालतो, आणि तो असा दुसऱ्याकडे सगळेच ठेवतात. पार्सलं घ्यायला इमारतीच्या रखवालदाराकडेही माझा एक शिक्का आहे. माझ्यासारख्या, माणसांपेक्षा पुस्तकांत बरं वाटणाऱ्याला ही सोय आवडली. सहा वर्षं मी चौकशीसुद्धा केली नाही.

तिनं बदल वाचून दाखवला. १९४७ साली आमच्या च्याई गावात, स्टेशनासमोर, सरकारी सैनिकांनी माणसं उभी करून गोळ्या घातल्या. जुन्या पुस्तकात त्यावर दीड पान होतं. आता एक ओळ: 'काही ठिकाणी अशांतता निर्माण झाली व ती शमवण्यात आली.'

"माझ्या पणजोबांना शमवलं त्यात," ती म्हणाली. "बैठक झालीच नाही, असं मी माइकवर बोलले. शाळा म्हणते, खोटं बोललीस. दोन शेरे आधीच आहेत. उद्या तिसरा मिळाला की नाव कमी. तुम्ही येऊन सांगा."

"मी लेखी देतो. चारचौघांत मला बोलता..."

"लेखीवर शिक्का लागेल, सर. तुमचा शिक्का आता कोण मानणार?"

ती गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. पोरीला बोलायची रीत नाही, वगैरे. मग समितीकडून घरी आलेलं नवं पुस्तक काढून ती ओळ स्वतः वाचली. आतल्या पानावर समितीच्या यादीत माझं नाव छापलेलं होतं. त्यानंतर तिच्यावर चिडणं जमेना.

शुक्रवारी शाळेत मुख्याध्यापक, दोन शिक्षक आणि कार्यालयातर्फे लाय बाई बसल्या होत्या. मू-छिंग उभी होती. तिला खुर्ची दिली नव्हती. मीही बसलो नाही.

"को सर, वयामुळे विसर पडतो," मुख्याध्यापक हसून म्हणाले. "बैठकीला होतात तुम्ही."

"असेन. मग मी तिथं काय बोललो ते सांगा."

मुख्याध्यापकांनी लाय बाईंकडे पाहिलं.

"कुणाच्या शेजारी बसलो होतो? चहा घेतला का?"

"सर, शिक्का तुमच्याच परवानगीनं ठेवलाय," लाय बाई खाली बघत म्हणाल्या. "इतक्या वर्षांत एकदाही तक्रार केली नाहीत."

"नाही केली. तेही लिहून घ्या." माझा आवाज वाढत होता. "पहिल्या वर्षी मी दोनदा आलो. त्यानंतर एकदाही नाही. त्यानंतरचा माझा प्रत्येक शिक्का खोटा आहे. मुलगी खरं बोलली. शेरा द्यायचा तर मला द्या."

मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण लावलं. निर्णय पुढे ढकलला म्हणाले.

बाहेर सायकलीचं कुलूप काढताना मू-छिंग थांबली. ती आभार मानेल असं मला वाटलं होतं, हे कबूल करतो.

"त्यानंतरचा प्रत्येक? म्हणजे मी सहावीत शिकले ते पुस्तकही?"

"हो."

"त्यातून काय काढलं होतं?"

"माहीत नाही. मी ते वाचलं नाही."

"मी पाठ केलं होतं," ती म्हणाली. "शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले मला त्यात." आणि सायकलीवर बसून निघून गेली.

मी कार्यालयात जाऊन खिडकीशी सहा वर्षांची इतिवृत्तं मागितली. अर्ज करा, पंधरा दिवस लागतील, असं उत्तर मिळालं. पंधरा दिवसांनी शाळा उघडत होत्या, पुस्तकं वाटून झाली असती. मी खिडकीवर हात आपटला. आतला माणूस दचकला, मीही दचकलो.

फाटकापाशी पोरं तापल्या फरशीवर बसली होती. मी त्यांच्यात बसायला गेलो, तर गुडघे वाकेनात. कुणीतरी सरकून जागा केली. मू-छिंगनं पाहिलं, उठून आली आणि माइक माझ्या हातात दिला.

"शाळेत झालं ते सांगू नका, सर. ते मी सांगितलंय. ज्या ज्या पुस्तकात तुमचं नाव छापलंय, त्यांची नावं सांगा. इयत्तेसकट."

"सगळी?"

"सगळी."

मी पाचवीपासून सुरुवात केली.