मनोऱ्यापासून जरा दूर

"थांब, थांब. गाडी थांबव," दीप्ती म्हणाली आणि मागच्या सीटवरची कॅमेऱ्याची बॅग तिने ओढून मांडीवर घेतली.

तिच्या नवऱ्याने, मोहनने, ऐकू न आल्यासारखं केलं. हेस्टिंग्जहून ते नुकतेच परत निघाले होते. पामर्स्टन नॉर्थला घरी पोचेपर्यंत पाऊस गाठेल, असं तो पुटपुटला. दीप्तीने काचेतून वर पाहिलं. आभाळ निळंभोर होतं. झाडांच्या रांगेमागून तो पांढरा मनोरा पुन्हा दिसला. माथ्यावर लाल कौलं, खाली कमानीत टांगलेली घंटा.

"मोहन, चर्च आहे ते. स्पॅनिश वळणाचं. आणि तू सरळ पुढे चाललायस."

त्याने गाडी वळवली, पण चर्चच्या आवारात न नेता रस्त्यापलीकडच्या झाडांखाली उभी केली. मी गाडीतच बसतो, असंही सांगून टाकलं.

दीप्ती हॉस्पिटलच्या फार्मसीत कामाला होती. वर्षभर रजा साठवायची आणि स्पॅनिश लोकांनी देशोदेशी बांधलेल्या जुन्या चर्चचे फोटो काढायला जायची, हा तिचा शिरस्ता. मेक्सिको झालं, पेरू झालं, फिलिपिन्स झालं. यंदा इक्वेडोरचं तिकीट काढलं आणि गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तिचा उतरलेला चेहरा पाहून मोहननेच हेस्टिंग्जची सहल ठरवली. १९३१च्या भूकंपानंतर तिथल्या कितीतरी इमारती स्पॅनिश धर्तीवर उभ्या राहिल्या होत्या. "अस्सल नाहीत, लांबचे नातेवाईक आहेत," असं म्हणून तिने आधी नाक मुरडलं आणि मग काठी टेकत दोन दिवस खुशीत फिरली. मोहनने ट्रायपॉड वाहिला, तिच्याबरोबर रस्ते मोकळे होण्याची वाट पाहिली. तिला फोटोंत माणसं चालत नसत. पायरीवर कुणी बसलेलं असलं, तर ते उठेपर्यंत ती शांतपणे उभी राहायची.

इथे मात्र माणसंच माणसं होती. रविवारची प्रार्थना नुकतीच आटोपली होती, तीही आत नाही, हिरवळीवर मांडवाखाली. चर्चला लोखंडी जाळीचं कुंपण घातलेलं होतं. घडीच्या खुर्च्या, चहाचे थर्मास, पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत पळणारी मुलं. सत्तरीच्या एका बाईंनी "किया ओरा" म्हणत दीप्तीचं स्वागत केलं. त्यांचं नाव नोलीन, चर्चची देखभाल त्या पाहत. फोटो काढले तर चालतील का, असं दीप्तीने विचारलं. हवे तेवढे काढा, नोलीन म्हणाल्या, येत्या बुधवारी मनोरा उतरवणार आहेत. मोठ्या भूकंपात तो टिकणार नाही, असा अहवाल आलाय.

इतका देखणा मनोरा! कुणी दिला असला अहवाल, तिने जरा चिडूनच विचारलं.

नोलीननी तिच्याकडे नीट पाहिलं. मग हातातल्या कपानेच रस्त्यापलीकडे खूण केली.

"त्या गाडीत बसलेत ना, त्या इंजिनिअरनी," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

दीप्ती काठी टेकत परत गेली. मोहनने तिला येताना पाहिलं होतं. त्याने काच खाली केली.

"कधी आला होतास इथे?"

"मागच्या वर्षी." तो समोर बघत राहिला. "मनोऱ्यात लोखंडी सळ्या जवळजवळ नाहीतच गं. नुसता डौल आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

मोहनने स्टिअरिंगवरची नसलेली धूळ अंगठ्याने पुसली. "तू जग पालथं घालून असल्या मनोऱ्यांचे फोटो काढतेस. मी त्यातला एक पाडायला सांगितला. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

तो कित्येक दिवस जेवताना गप्प असायचा, ते दीप्तीला आठवलं. कामाचा ताण असेल म्हणून तिने सोडून दिलं होतं. तिने गाडीचं दार उघडलं आणि ते तसंच धरून उभी राहिली.

तेवढ्यात स्कोन्सची बशी घेऊन नोलीन रस्ता ओलांडून आल्या. मोहन घाईने खाली उतरला. तो काही बोलणार, तोच त्यांनी बशी त्याच्या हातात दिली. सुरुवातीला सगळेच भडकले होते, असं त्यांनी न लाजता सांगितलं. त्या स्वतः तर त्याचं नावही घेत नव्हत्या. मग मार्चमध्ये एका रात्री बारीकसा धक्का बसला. कुणाची झोपही मोडली नाही. सकाळी येऊन पाहतात, तर मनोऱ्याचा मायक्रोवेव्हएवढा तुकडा कुंपणाच्या आत पडलेला.

"तिथे आम्ही बाबागाड्या ठेवायचो," नोलीन म्हणाल्या. "तुम्ही कुंपण घालायला लावेपर्यंत."

एवढं बोलून त्या थांबल्या आणि सोबत जॅम हवा का, असं त्यांनी विचारलं.

चहा झाल्यावर मनोऱ्यासोबत सगळ्यांचा एक फोटो काढून द्याल का, अशी लोकांनी दीप्तीला गळ घातली. तिने असला फोटो कधी काढला नव्हता. तरी तिने ट्रायपॉड लावला. लोक हसत, ढकलाढकली करत थेट कुंपणाला जाऊन टेकले.

मोहनने बशी खाली ठेवली आणि तो तरातरा चालत गेला. सगळ्यांना त्याने कुंपणापासून हटवलं. कॅमेऱ्याकडे पाठ करून, स्वतः मागे सरकत, तो दोन्ही हातांनी त्यांना बोलावत राहिला. अजून पुढे, अजून. कुठवर, असं एका आजोबांनी विचारलं. मनोरा आडवा झाला तर जिथवर पोचेल, त्याच्याही पुढे, मोहनने अगदी गंभीरपणे सांगितलं. लोक खो-खो हसले, पण आले.

ते जसे पुढे येत गेले, तशी दीप्तीला माघार घ्यावी लागली. नोलीननी ट्रायपॉड उचलला. सरकत सरकत दोघी रस्त्याच्या कडेला पोचल्या. तिथून पाहिलं तेव्हा क्रुसाच्या टोकापासून गवतापर्यंत सगळा मनोरा फ्रेममध्ये मावला. समोर माणसं होती, आणि त्यांच्यापुढे मधोमध मोहनची पाठ.

आपण मध्ये येतोय, हे मोहनच्या लक्षात आलं. तो वाकून बाजूला सटकू लागला.

"तिथेच थांब," दीप्ती म्हणाली.

तो थांबला आणि वळला. काय करावं ते न कळून त्याचे हात तसेच वर राहिले. दीप्तीने बटण दाबलं.