मेरीबाईंच्या खमिराची बरणी

मित्रांनो, मी बरणी आहे. काचेची, पसरट तोंडाची आणि आता बरीच जुनी. भट्टीत मी घडले तेव्हा एक बुडबुडा माझ्या बुडाशी कायमचा अडकून राहिला. त्या खोटीमुळे मी स्वस्तात विकले गेले आणि सोनईच्या एका दुकानात लिमलेटच्या गोळ्या सांभाळू लागले.

तिथे मला मेरीबाईंनी निवडलं. त्या जवळच्याच खेड्यात राहत. त्यांचे यजमान प्रभुदास गुरुजी मिशनच्या शाळेत शिकवत आणि देवळात प्रार्थनाही चालवत. मेरीबाईंना आल्याच्या खमिरासाठी भांडं हवं होतं. आलं, साखर आणि पाणी एकत्र ठेवावं, त्यात रोज थोडं आलं-साखर घालत राहावं, म्हणजे ते फसफसू लागतं. तेच खमीर. त्यातलं थोडं वापरून मेरीबाई नाताळात जिंजर करत. म्हणजे फेसाळणारं, तिखटगोड सरबत. त्यांची आई मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथल्या नर्सबाईंकडून ती हे शिकली आणि जाताना खमीर लेकीच्या हाती देऊन गेली.

दुकानदाराने आधी पितळी गडू पुढे केला. कल्हई उडाली की आंबट वस्तू त्यात कळकते, म्हणून मेरीबाईंनी तो बाजूला सारला. चिनी मातीच्या बरणीत आतला फेस दिसत नाही, म्हणून तीही नको. लांब मानेच्या बाटलीत हात जात नाही, मग ती धुवायची कशी? आणि घट्ट बूच बसलं तर ती फुटायची. शेवटी त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी मला बोटाने वाजवलं, आत हात घालून पाहिला, नाक लावून वास घेतला. गोळ्यांचा गोड वास तेवढा होता.

"ही द्या," त्या म्हणाल्या. "गोळ्या दुसऱ्या कशात बी राहतील."

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं मी सुखात काढली. मेरीबाई मला गरम पाण्याने धूत, उन्हात पालथं घालत आणि तोंडावर झाकणाऐवजी मलमलीचं फडकं बांधत. कोणी खमीर मागायला आलं तर अर्धं काढून द्यायचं, हा त्यांच्या आईचा रिवाज त्या पाळत. त्यांच्या नणंदेकडेही असंच एकदा अर्धं गेलं होतं. नाताळच्या उपासनेनंतर ख्रिस्ती देवळाच्या अंगणात पेले फिरत. गुरुजींच्या प्रार्थनेपेक्षा गुरुजींच्या घरच्या बरणीला माणसं जास्त जमतात, अशी थट्टा खुद्द तिथले धर्मगुरू पाळकसाहेब करत.

बहात्तरच्या दुष्काळात विहिरी तळाला गेल्या. त्या हिवाळ्याच्या तोंडी मेरीबाईंच्या लेकीचं बाळंतपण अवघड निघालं आणि त्यांना नगरच्या दवाखान्यात जाऊन राहावं लागलं. जाताना त्यांनी मला धाकट्या जाऊबाईंच्या, दीनाबाईंच्या हाती दिलं. दोघींची घरं एकाच अंगणात, देवळाला लागूनच. रोज आलं-साखर घाल, फडकं बांध, पितळेत मात्र ओतू नको, असं त्यांनी दोनदा बजावलं. रेशनच्या साखरेची पुडीही दिली.

दीनाबाई वाईट नव्हत्या. सुरुवातीला त्यांनी माझं सगळं नीट केलं. मग एका दुपारी दुकानात रॉकेल आल्याची हाक उठली. त्यांचा डबा बुडाशी गळत होता. रांग वाढत होती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, माझ्यातलं खमीर पितळी गडूत ओतलं आणि मला घेऊन धावल्या.

माझ्यात रॉकेल पडलं तेव्हा मला वाटलं, आज संध्याकाळी तरी हे काढतील. पण मी तशीच भरलेली राहिले. दुष्काळात कल्हईवाला गावात फिरकला नव्हता. गडूतलं खमीर हिरवं पडलं. दीनाबाईंनी ते उकिरड्यावर ओतलं, तर कोंबडीनेसुद्धा तोंड लावलं नाही.

मेरीबाई नातू घेऊन परतणार असा निरोप आला, तेव्हा दीनाबाईंनी रॉकेल काढून मला राखेने घासलं. आत ताजं आलं, साखर आणि पाणी पडलं. वर फडकंही बांधलं. पण फेस येईना.

परतल्यावर मेरीबाईंनी दीनाबाईंच्या स्वयंपाकघरात फडकं सोडलं आणि नाक माझ्याजवळ आणलं.

"दीना, रॉकेलचा वास येतोय."

"बरणीच जुनी हाय, आक्का. दुकानदारानं आधी काय ठिवलं आसंल तिच्यात, कुनाला ठावं."

"इतकी वर्सं न्हाई आला."

"पानी मचूळ हाय औंदा. त्यानं काचंनं वास सोडला आसंल."

मित्रांनो, काच आपणहून कसलाही वास सोडत नाही. मेरीबाईंना हे ठाऊक होतं. चुलीजवळच्या गडूच्या काठावर हिरवा डाग होता; त्यांची नजर तिथेही जाऊन आली. आता त्या विचारतील, म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी फडकं पुन्हा बांधलं.

"आसंल," त्या म्हणाल्या. "काचंचा काय भरवसा."

दीनाबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. बरणी फेकून देऊ का, असं त्यांनी विचारलं.

"फेकू नगंस. तुझ्याकडंच ठिव. रॉकेलाचा डबा गळतोय न्हवं तुझा?"

दीनाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला उचलून खिडकीतल्या फळीवर ठेवलं.

नणंदेकडून खमीर आलं. नवी बरणीही आली. नाताळला देवळाच्या अंगणात पेले फिरले आणि मी खिडकीतल्या फळीवरून हसणं ऐकलं. यंदा बरणी बदलली का, असं पाळकसाहेबांनी विचारलं. मेरीबाईंचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. "जुनी नासली," त्या म्हणाल्या.

दोघींना आयुष्यभर एकाच अंगणात राहायचं होतं. भांडण टाळायला दोष कुणाच्या तरी माथी मारावा लागतो, आणि मला उलटून बोलता येत नाही. हे मला कळतं. पण सल जात नाही.

मित्रांनो, भांडं निवडताना मेरीबाईंसारखं पारखून निवडा. ते धुवा, उन्हात ठेवा, ज्यासाठी आणलं त्यासाठीच वापरा. आणि घरात काही नासलं, तर भांड्याला दोष देण्याआधी ते कुणाच्या हाती होतं, हे एकदा विचारा. उत्तर ठाऊक असेल, तर ते बोलून दाखवा. निदान मनातल्या मनात तरी भांड्याला खोटं ठरवू नका.