काढून टाकलेला आवाज

सकाळपासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जुन्या टेपा वाचवण्याच्या कामात तिची उमेदीची वर्षं गेली होती, पण एकाही टेपेने तिला असं नाचवलं नव्हतं. ही टेप पुराची होती आणि चित्रण तिच्या वडिलांनी केलेलं. कॅमेरा खांद्यावर आला की गुणगुणायचं, घरी रात्री तो पुसत बसले तरी तेच, ही त्यांची खोड. ती गुणगुण टेपेत उतरायची आणि साहेबांची बोलणी खायला लावायची. ते गेल्यावर घरात त्यांचे फोटो ढीगभर उरले, आवाज मात्र कुठेच नव्हता. आईचा एक कान कधीच गेला होता. दुसराही फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून आईने एकच धोशा लावला होता, "यांचा आवाज एकदा ऐकव गं."

टेपेवरचा थर चिकट झाला होता. अशी टेप मंद आचेवर शेकली तर एकदा चालते, पुढे तिचा भरवसा नाही. शेकून झाली, पण यंत्रासमोर बसायचा तिला धीर होईना. तिने ती कानसेनच्या हवाली केली. आवाज दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला गाता येत नसे, पण कान तिखट, म्हणून हे नाव. जाता जाता ती बोलून गेली, "घरघर काढून टाका." येईल त्या टेपेला ती हेच सांगायची, जिभेला वळणच पडलेलं.

मग ती बाहेर येरझारा घालत राहिली. तहान नसताना पाणी प्याली, आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचून काढल्या, आईचा फोन आला तो घेतलाच नाही.

"या, ऐका. आरशासारखं लख्ख झालंय," कानसेनने हाक मारली.

हेडफोनमध्ये होडीवाल्याच्या हाका होत्या, एका बाईचं रडणं होतं. तिने मागे नेलं, पुढे नेलं.

"इथे कुणीतरी गुणगुणत असेल ना?"

"कॅमेरावाला. घरघरीबरोबर काढला त्याला. सुरात असता तर ठेवला असता."

"साफ करण्याआधीची नक्कल?"

"जागा नव्हती, पुसली."

"ते माझे बाबा होते."

कानसेनचा चेहरा खर्रकन उतरला. टेप पुन्हा लावायची सोय नव्हती; तिचा थर तपकिरी भुकटी होऊन यंत्राला चिकटला होता. तिला त्याचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. जन्मभर लोकांना काही फेकू नका म्हणून बजावलं, आणि बापाला आपल्याच तोंडाने केरात काढलं.

"थांबा," कानसेन म्हणाला. "जे काढतो ते मी लगेच नाही फेकत. चांगलं काही त्यात गेलं नाही ना, ते घरी जाताना ऐकून बघतो. आजचं ऐकायचं राहिलंय."

संध्याकाळी तिने आईच्या कानांवर हेडफोन चढवला. त्यात ना पूर होता, ना होडी. नुसती घरघर, आणि तिच्यात आपल्या कामात गुंगलेला एक बेसूर माणूस.

आई डोळे मिटून ऐकत होती. कपाळाला आठ्या पडल्या.

"पुरे करा हो आता," ती बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात म्हणाली. "झोपू द्या जरा."

लेकीचा हात बंद करायला पुढे झाला. आईने तिचं मनगट धरलं.

"तुला नाही म्हटलं."