जिन्याचं तिसरं बटण

ताईच्या सासूबाई जिन्यात अंधारात पडता पडता वाचल्या, म्हणून मधल्या वळणावर तिसरं बटण बसवायचं ठरलं. खालचं आणि वरचं बटण तीन वर्षांपूर्वी मीच बसवलं होतं. वायरमन मी, पण भाऊजींना सगळ्यातलंच कळतं. होल्डर सैल झालाय, तो मीच आवळतो, म्हणत ते शिडीवर चढले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मी मनातच म्हटलं.

खाली बोर्डवर ‘जिना’ अशी चिठ्ठी चिकटवलेला स्विच मी पाडला. अक्षर माझंच.

“गेला का दिवा?”

“गेला,” भाऊजी म्हणाले.

वळणावर येऊन मी भिंतीतला डबा उघडला आणि सवयीने तारेला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. चिठ्ठी मी भलत्याच स्विचवर चिकटवली होती. दिवा गेला तो सासूबाईंनी नेमकं त्याच वेळी वरचं बटण दाबलं म्हणून. गरज नसताना दिवा जळलेला त्यांना खपत नाही.

भाऊजींनी बल्ब काढून होल्डरमध्ये बोट घातलं होतं. आणि सासूबाई खाली यायला निघाल्या होत्या. चाचपडणारा हात वरच्या बटणाकडे चालला होता; ते दाबलं की होल्डरमध्ये वीज येणार होती. त्यांना कमी ऐकू येतं. मी ओरडलो असतो तर त्या थांबल्या नसत्या, भाऊजी मात्र दचकून कोसळले असते.

“भाऊजी, हात बाहेर काढा,” मी हळूच म्हणालो.

“का? लाईन बंद केलीस ना? घाबरट कुठला.”

या माणसापुढे मी आजवर एकही चूक कबूल केली नव्हती.

“चिठ्ठी चुकलीय. चूक माझी आहे. लाईन चालू आहे.”

त्यांनी हात काढला आणि वर बटण खट्ट वाजलं.

“दिवा लागत नाही गं,” सासूबाई म्हणाल्या.

भाऊजी उतरून पायरीवर बसले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ताईने सगळं ऐकलं होतं. ती बोर्डासमोर गेली आणि तिने चिठ्ठीवर बोट ठेवलं.

“बल्ब गेला की मी हाच स्विच पाडते आणि नवा लावते. तीन वर्षं,” ती म्हणाली. “हे म्हणायचे, आधी टेस्टर लावून बघ. मी म्हणायचे, माझ्या भावाने लिहिलंय, बघायचं काय त्यात.”