भागोजींचा अंगठा आणि मी

मी एक जुना झेला आहे. मित्रांनो, लांब बांबू, टोकाला जाळी आणि पातं. झाडावरचा हापूस देठासकट अलगद उतरवणं हे माझं काम. राजापूरजवळच्या बागेत भागोजींनी मला वर्षानुवर्षं वापरलं. त्यांच्या हातांनी घासून मी इतका गुळगुळीत झालो, की गडीमाणसं माझं कौतुक करत.

आंब्याचा चीक उडाला की कातडी भाजते, काळा डाग पडतो. आमच्याकडे त्याचं कुणाला नवल नाही. पावसाळ्यात तो आपोआप जातो. भागोजींच्या उजव्या अंगठ्यावर असाच डाग दिसला. पावसाळा सरला, डाग राहिला. पुढच्या हंगामात तो पसरला, कडा वेड्यावाकड्या झाल्या. माझ्यावर टेकणारा अंगठा मला खरखरीत लागू लागला. मी घाबरलो, पण मला तोंड कुठे होतं?

"चिकाचाच डाग हाय," म्हणत भागोजी त्यावर कोकमतेल चोळत.

एका सकाळी डागातून रक्त आलं आणि माझ्यावर ओघळलं. "बांबूचा कुसळ लागला," म्हणून त्यांनी मला मांगरात, बागेतल्या झोपडीत, टाकून दिलं. मला फार लागलं ते.

त्यांची बायको गंगाबाई कुसळ तासायला कोयती घेऊन आल्या. आधी त्यांनी माझ्यावरून तळवा फिरवला. एक जरी कुसळ टोचलं असतं, तर भागोजींचं म्हणणं खरं मानून विषय तिथंच मिटला असता. त्यांनी पुन्हा, सावकाश हात फिरवला.

"अवो, काठीला कुसळ नाय. मग रगात कसला? अंगठा दाखवा."

"हंगाम होऊ दे गं."

"आंबे मी उतरवीन. आधी रत्नागिरीच्या डॉक्टरला दाखवायचा."

त्याच दिवशी दोघं एस्टीने गेली. डॉक्टरांनी डागाचा तुकडा तपासायला पाठवला. काही दिवसांनी निकाल आला. कर्करोग निघाला. अर्धा अंगठा काढावा लागला, पण रोग पुढे पसरला नव्हता. गेल्या साली आले असते तर अंगठा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

आता मला गंगाबाई धरतात. भागोजी झाडाखाली उभे राहून तयार आंबा दाखवतात. ते आहेत याचा मला आनंद आहे, पण त्यांच्या पकडीवाचून मला करमत नाही.

मित्रांनो, डाग जात नसेल, वाढत असेल, रंग बदलत असेल, त्यातून रक्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. हंगाम संपायची वाट पाहू नका.