पिळून ठेवलेलं लिंबू

ताईने काटा जोरात दाबला, तर तो बर्फात रुतूनच बसला. डबा पोटाशी धरून तिने हिसका दिला, तेव्हा एक ढलपा उडून ओट्याखाली गेला. अननस आणि नारळाच्या दुधाचं ते मिश्रण विटेसारखं घट्ट गोठलं होतं.

"अरे देवा, हेही फुकट!" म्हणत ती मटकन स्टुलावर बसली. सकाळपासून उभी होती. पाय नुसते भरून आले होते.

धाकटा भाऊ तापातून उठला त्याला अकरा आठवडे झाले होते. ताप गेला, पण जाताना अन्नावरची वासना घेऊन गेला. सूप, मऊ भात, उकडलेलं अंडं, सगळ्याला एकच उत्तर, "नको." टाकवत नाही म्हणून उरलेलं ती उभ्याउभ्याच संपवायची. तो वाळत चालला होता आणि ही सुटत चालली होती. काल डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "सोमवारपर्यंत नीट खाल्लं नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल." नळीच्या नुसत्या नावाने त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. आणि आज शुक्रवार.

भावाने तीस वर्षं मोठ्या हॉटेलच्या बारमध्ये पेयं बनवली. ताईला त्याची लाज वाटायची. कोणी विचारलंच, तर "तो हॉटेलात असतो" एवढं सांगून ती विषय बदलायची. काल मात्र सगळे उपाय थकल्यावर तिने त्याची जुनी वही काढली. पिना कोलाडापुढे त्याने तीन चांदण्या काढल्या होत्या. अननस, नारळाचं दूध, लिंबू आणि रम. औषधं चालू असल्यामुळे रम वर्ज्य. ती वगळून बाकीचं तिने आइस्क्रीमसारखं गोठवलं होतं.

कसंबसं खरवडून तिने वाटीभर त्याच्यापुढे नेलं.

"हे काय?"

"तुझा पिना कोलाडा. रम नाही हं त्यात."

त्याने मान वर केली. ताईच्या तोंडून हे नाव त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. चमच्याच्या टोकावर किंचितसं घेऊन त्याने ते जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"रम नाही म्हणून दगड झालाय. दारू गोठत नाही, तीच याला मऊ ठेवते. साखर वाढव, आणि दर अर्ध्या तासाने काट्याने मोडत राहा."

"बरं."

त्याने पुन्हा चमचा भरला. "लिंबू कमी पडलंय." आणखी एक. "मीठ नाहीच घातलंस? चिमूटभर लागतं."

ताईचं डोकंच फिरलं. "दोन दिवस मरमर मरतेय मी इथे! चांगलं म्हणायला जीभ झडते का रे तुझी?"

ती तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडून तिने रडून घेतलं. तोंड पुसून वाटी न्यायला आली, तर तो अजून चमचा फिरवत होता.

"अननस गाळला नाहीस, ताई. सगळे दोरे तळाशी बसलेत."

तिने वाटीत पाहिलं. तळाशी खरंच दोरे होते. बाकी काहीच नव्हतं.

शनिवारी तिने अननस गाळला, साखर वाढवली, मीठ घातलं, दोन लिंबं पिळली. घड्याळ समोर ठेवून दर अर्ध्या तासाला काटा चालवला. संध्याकाळी एक चमचा स्वतः चाखला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. इतकं सुरेख काही आपला भाऊ रोज करत होता, आणि आपण तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. तिला स्वतःचा राग आला.

भावाने दोन चमचे खाल्ले.

"फार छान झालंय, ताई. अगदी बरोबर," असं म्हणून त्याने वाटी बाजूला ठेवली.

"अरे, मग खा की!"

"नको."

ते वितळून पाणी होईपर्यंत ती तिथेच बसून राहिली. मग नेहमीसारखं तिनेच पिऊन टाकलं.

रविवारी तिने पुन्हा अननस कापला. सगळं मापात घेतलं. लिंबू पिळलं, आणि रसाची वाटी मिक्सरच्या मागे सरकवून ठेवली. मीठही डब्यातच राहू दिलं. घड्याळाकडे बघत दर अर्ध्या तासाने काटा मात्र चालवला.

वाटी मोठी घेतली. भावाने चमच्याचं टोक जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि कपाळाला आठी घातली.

"काल जमलं होतं की! आज काय विसरलीस?"

ताई खुर्ची ओढून बसली.

"मला मेलीला काय कळतंय? तूच सांग."

त्याने दुसरा चमचा भरला.